बांगडा कोणाचा? कोकणच्या समुद्रातलं भांडण आणि आपल्या मोहल्ल्यातला हिशोब

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात होडी धक्क्याला लागली की काठावरचा माणूस आधी टोपल्यांकडे बघतो, मग खलाशांच्या तोंडाकडे. टोपल्या रिकाम्या असतील तर विचारायची गरजच उरत नाही. गेल्या काही वर्षांत अशा सकाळी वाढल्या आहेत. बर्फ आणि डिझेलचा खर्चही सुटला नाही, हे वाक्य आता बातमी राहिलेलं नाही.

ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी नाही. कोकणातले मुसलमान म्हटले की लोकांना आखाती देशांतली नोकरी किंवा मुंबईतली बोटीवरची नोकरी आठवते. पण मिरकरवाडा, राजिवडा, जयगड, हर्णै, साखरीनाटे या पट्ट्यात पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगणारी आपली घरं आहेत. दालदी समाजाची नोंद तर इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही मच्छीमार म्हणूनच आहे. एक भाऊ दुबईत आणि एक होडीवर, अशी घरं आजही सापडतील. म्हणून समुद्रातली मासळी कमी होते आहे ही बातमी आपल्यासाठी पर्यावरणाच्या पानावरची नाही, घरखर्चाच्या वहीतली आहे.

आणि या वहीत एक अवघड पान आहे. समुद्र कोणी रिकामा केला, हा प्रश्न निघाला की आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. एक म्हणजे सरकार आपल्या मागे लागलंय. दुसरं, परराज्यातले ट्रॉलर सगळं ओरबाडून नेतात. दोन्हींत तथ्य आहे. पण तिसरं उत्तर आपल्याच मोहल्ल्यात आहे आणि ते मोठ्याने बोललं जात नाही. पर्ससीन नौकेचा मालकही आपल्यातला आहे, आणि तीन-चार माणसांच्या होडीवर जाळं टाकणारा, त्या पर्ससीनमुळे हात हलवत परत येणाराही आपल्यातलाच आहे.

आधी आकडे बघू. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था दरवर्षी देशभरात किनाऱ्यावर उतरलेल्या मासळीचा अंदाज काढते. त्यांच्या हिशोबाने महाराष्ट्रात २०१८ मध्ये सुमारे २.९५ लाख टन मासळी उतरली. २०१९ मध्ये हा आकडा २.०१ लाख टनांवर आला. एका वर्षात ३२ टक्के घट आणि ४५ वर्षांतला नीचांक. आता कोणी म्हणेल, त्या वर्षी क्यार आणि महा ही दोन वादळं ऐन हंगामात आली, होड्या बंदरातच अडकल्या. बरोबर आहे. मासेमारीचे दिवस कमी झाले की आकडा पडणारच, आणि अशा एका वाईट वर्षावरून समुद्र संपला म्हणणं चूक ठरेल. पण वादळ नसलेल्या वर्षीही लहान होडीवाल्याला किनाऱ्याजवळ मिळायचे ते मासे मिळत नाहीत, त्याला आणखी आत जावं लागतं, जास्त डिझेल जाळावं लागतं. एकूण आकडा पुन्हा वर गेला तरी तो कोणाच्या जाळ्यातून वर गेला, हे त्या आकड्यात दिसत नाही.

जगाचं चित्रही याच दिशेचं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनुसार १९७४ मध्ये जगातल्या समुद्री मत्स्यसाठ्यांपैकी साधारण १० टक्के साठे प्रमाणाबाहेर उपसलेले होते. आज तेच प्रमाण एक तृतीयांशाच्या वर गेलंय. खोल समुद्रातल्या मुशी आणि वागळ्यांची संख्या १९७० पासून सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो, आणि त्याचं मुख्य कारण मासेमारीच दिलंय.

आता पर्ससीन म्हणजे नेमकं काय, ते मुंबई-पुण्यातल्या वाचकांसाठी. बांगडा, तारली हे थव्याने फिरणारे मासे. थवा दिसला की नौका त्याच्याभोवती गोल फिरते आणि शेकडो मीटर लांबीचं जाळं उभं सोडते. गोल पुरा झाला की जाळ्याच्या खालच्या कड्यांतून ओवलेली दोरी यंत्राने ओढली जाते. आजीच्या बटव्याची नाडी ओढली की तोंड बंद होतं, तसं जाळं तळातून बंद होतं. अख्खा थवा आत. अंड्यावर आलेली मादी, बोटाएवढं पिल्लू, सगळं. एका फेरीत काही टन बांगडा निघू शकतो. लहान होडीच्या साध्या जाळ्याने एवढा सहसा निघत नाही.

एलईडीची मासेमारी ही त्याची पुढची पायरी. रात्री जनरेटरवर प्रखर दिवे लावायचे, उजेडाकडे मासळी ओढली जाते, मग जाळं टाकायचं. यात शोधाशोध नाही, कौशल्य नाही. समुद्राचा मोठा टापू एका जागी गोळा करून उचलायचा. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्येच यावर बंदी घातली. तरी कोकणच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारा, रात्री क्षितिजावर गाव वसल्यासारखा उजेड दिसतो की नाही.

पर्ससीनबाबत राज्याचा महत्त्वाचा आदेश ५ फेब्रुवारी २०१६ चा. त्याआधी डॉ. सोमवंशी यांच्या समितीने अभ्यास करून अहवाल दिला होता. त्यानुसार राज्याच्या हद्दीत पर्ससीनला १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळात परवानगी राहील असं ठरलं. परवाने ४९४ होते, ते आधी २६२ आणि शेवटी १८२ वर आणायचे असंही ठरलं. कागदावर हे सगळं स्वच्छ आहे. प्रत्यक्षात परवाना नसलेल्या नौका किती, जानेवारीनंतर 'मासळी दुसरीकडची आहे' म्हणून उतरणाऱ्या किती, हे बंदरावरचं प्रत्येक पोर सांगेल, पण सरकारी कागद सांगणार नाही.

पाच वर्षं अशी गेल्यावर २०२१ मध्ये राज्याने १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा बदलला. विनापरवाना पर्ससीनला १ लाख ते ६ लाख रुपये दंड, एलईडीला ५ लाख ते २० लाख. पूर्वी अशी प्रकरणं तहसीलदारांकडे जायची, ती आता मत्स्यव्यवसाय विभागाच्याच अधिकाऱ्यांकडे आली. जानेवारी २०२५ पासून किनारपट्टीच्या जिल्ह्यांत ड्रोनने पाळत सुरू झाली. त्याच महिन्यात मिरकरवाडा बंदरातली अनधिकृत बांधकामं पाडली गेली. ज्यांची जाळी ठेवायची शेड गेली, त्यांच्यासाठी हे दोन वेगळे विषय नव्हते. समुद्रात ड्रोन आणि जमिनीवर बुलडोझर, दोन्ही एकाच वेळी दारात आले.

इथे स्पष्ट बोलायला हवं. कारवाई सगळ्या बंदरांवर सारखी होते का, हा प्रश्न विचारणं हा आपला हक्क आहे, आणि तो पुराव्यानिशी विचारायला हवा. किती नौकांवर दंड झाला, कोणत्या बंदरात, परराज्यातल्या किती नौका पकडल्या, हे सगळं माहितीच्या अधिकारात मागता येतं. आकडे एकतर्फी निघाले तर ते न्यायालयात नेता येतात. मासळी आणि बंदर यांच्या चर्चेला धर्माचा रंग द्यायला काही पुढारी टपलेलेच असतात, त्यांना उत्तर देण्याचा हाच मार्ग आहे. पण 'आपल्यावर अन्याय होतोय' ही ढाल करून बेकायदा जाळं झाकायचं, हे चालणार नाही. कारण त्या जाळ्याने पहिलं नुकसान होतं ते शेजारच्या आळीतल्या माणसाचं. त्याचं नावही आपल्यासारखंच असतं आणि तोही त्याच मशिदीत, त्याच सफेत उभा असतो.

पर्ससीन मालकांची बाजूही ऐकून घेऊ, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, आम्हाला वर्षात चारच महिने. त्यात पाऊस, वादळं, वारा. नौका आणि जाळं उभं करायला लागणारी रक्कम सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची, कर्जाचा हप्ता मात्र बारा महिने. शिवाय एका नौकेवर पंचवीस-तीस खलाशी जगतात, नेपाळपासून आलेली पोरं त्यात आहेत. बाहेर बारा सागरी मैलांपलीकडे केंद्राची हद्द सुरू होते, तिथे राज्याचा नियम लागत नाही. मग तिथून मासळी आणली तर बंदरात का अडवता? हाच वाद तामिळनाडूतून सर्वोच्च न्यायालयात गेला होता. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेशात तिथल्या पर्ससीनना बारा सागरी मैलांपलीकडे आठवड्यातून दोनच दिवस, सोमवारी आणि गुरुवारी, सकाळी ८ ते संध्याकाळी ६ या वेळेत परवानगी दिली. म्हणजे पूर्ण बंदी नाही, पण मोकळं रानही नाही.

माझ्या मते या युक्तिवादातला खरा शब्द 'हप्ता' हा आहे. कोकणात हे भांडण नेहमी पारंपरिक विरुद्ध आधुनिक असं मांडलं जातं. यंत्र वाईट आणि होडी चांगली असं काही नसतं. लहान होडीवाल्यानेही इंजिन लावलंच आहे. फरक कर्जाचा आहे. ज्याच्या डोक्यावर मोठा हप्ता आहे त्याला मासळी कमी झाली म्हणून थांबता येत नाही. उलट त्याला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, जाळ्याचा आस बारीक करावा लागतो, रात्री दिवे लावावे लागतात. व्यापाऱ्याकडून आगाऊ उचल घेतली असेल तर मासळी कोणाला आणि काय भावाने द्यायची हेही त्याच्या हातात नसतं. एकेकटा मालक बघितला तर तो शहाण्यासारखंच वागतोय. सगळे मालक मिळून मात्र आपल्याच पोरांच्या ताटातलं खातायत. आणि कर्ज देताना, अनुदान देताना, डिझेलचा परतावा देताना समुद्रात मासळी किती शिल्लक आहे हे ना बँक विचारते ना सरकार.

केरळने हा धडा आधी शिकला. तिथे गरिबाच्या ताटातला मासा म्हणजे मत्ती, आपल्याकडची तारली. २०१२ मध्ये केरळात जवळपास ४ लाख टन तारली उतरली. सगळे खूश. नौका वाढल्या, जाळी मोठी झाली, बारीक पिल्लं टनांनी भुकटीच्या कारखान्यांत गेली. २०२१ मध्ये आकडा होता ३,२९७ टन. शून्यं मोजताना चूक झालेली नाही, तीन हजारच. शास्त्रज्ञ सांगतात की यात एल निनोमुळे बदललेल्या समुद्राचा हात मोठा होता, सगळा दोष जाळ्याला देता येणार नाही. मान्य. पण समुद्र तापणं तांडेलाच्या हातात नाही, पिल्लू सोडून देणं त्याच्या हातात आहे. साठा आधीच पोखरलेला असेल तर एक वाईट ऋतू त्याला झोपवतो.

दूरचं उदाहरण कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचं. पाचशे वर्षं ज्या कॉड माशावर तो किनारा जगला, तो मासा मोठ्या ट्रॉलरांनी काही दशकांत इतका उपसला की जुलै १९९२ मध्ये सरकारला त्याची मासेमारी बंद करावी लागली. तीस हजारांहून जास्त लोकांचं काम एका घोषणेत गेलं. दोन वर्षांत मासा परत येईल असं वाटलं होतं. बंदी उठायला २०२४ उजाडलं, आणि मासा अजूनही पूर्वीसारखा नाही. तिथेही शेवटच्या वर्षापर्यंत मोठ्या बोटींना मासे मिळत होते. उरलेसुरले थवे एका जागी गोळा झाले होते आणि यंत्रं त्यांना बरोबर शोधून काढत होती. मासळी मिळतेय म्हणजे मासळी आहे, या भ्रमात सगळे राहिले. किनाऱ्याजवळचे लहान मच्छीमार आधीपासून ओरडत होते, त्यांचं कोणी ऐकलं नाही.

आपल्या स्वयंपाकघराचाही यात वाटा आहे, तो सोडून देता येत नाही. राज्य सरकारने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा जाहीर केलं आणि ५४ जातींच्या माशांसाठी किमान कायदेशीर लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते पकडायचं नाही. मोठ्या माणसाच्या हाताच्या पंजापेक्षाही ते लहान. बाजारात याहून बारकी पापलेटं वाट्यावर लावलेली असतात आणि आपण 'कोवळी आहेत, तळायला छान' म्हणून घेतो. पालघरच्या सातपाटीचं नाव ज्या पापलेटवर झालं, त्या गावातले लोक बारीक पापलेट पकडू नका म्हणून वर्षानुवर्षं सांगतायत. ज्या पापलेटने एकदाही अंडी घातली नाहीत ते कढईत गेलं, तर पुढच्या वर्षी कुठून येणार?

मोरीचं तसंच. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीच्या पिल्लाचं कालवण द्यायची आपल्या कोकणातली जुनी रीत. आपल्या आज्यांनी ती पाळली तेव्हा मोरी भरपूर होती. पण बांगड्यासारखी मोरी लाखांनी अंडी देत नाही. मुशीच्या बऱ्याच जाती उशिरा वयात येतात आणि मोजकी पिल्लं देतात. त्यामुळे त्यांचा साठा एकदा घसरला की भरून यायला फार वर्षं लागतात. रीत वाईट नव्हती, पण आज ती चालवायची असेल तर थोडा विचार करावा लागेल. बांगड्याच्या किंवा मांदेलीच्या कालवणानेही बाळंतिणीच्या अंगाला लागतंच.

सरकारने केलेली एक बरी गोष्टही सांगायला हवी, कारण ती आपल्या कितीतरी लोकांना ठाऊक नसते. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित प्राणी जाळ्यात सापडला आणि त्याला सोडवायला जाळं कापावं लागलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देणारी योजना डिसेंबर २०१८ पासून राज्यात आहे. जाळं कापतानाचे फोटो काढून मत्स्यव्यवसाय खात्याकडे किंवा कांदळवन कक्षाकडे द्यायचे असतात. बऱ्याच कोकणी मच्छीमारांनी या योजनेत कासवं सोडली आहेत. खिशाला तोशीस लागणार नसेल तर माणूस मुक्या जिवाला सोडतो, हे यातून दिसलं. उलट किनाऱ्याजवळ बेसुमार ट्रॉलिंग होतं तिथे कासव जाळ्यातच गुदमरतं. ट्रॉलच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला वाट ठेवलेली नसते म्हणून अमेरिकेने २०१९ पासून भारतातली समुद्रात पकडलेली कोळंबी घेणं बंद केलं, तेव्हा त्या नुकसानीचा हिशोबही शेवटी आपल्याच बंदरांत मांडला गेला.

मग मार्ग काय? कायदा लागेलच, पण नुसत्या कायद्याने समुद्र राखला जात नाही, हे गेल्या दहा वर्षांत दिसलंय. इंडोनेशियातल्या आचे प्रांतात मुस्लिम मच्छीमारांची एक जुनी व्यवस्था आहे, पांगलिमा लाओत, म्हणजे समुद्राचा मुकादम म्हणा. सुलतानांच्या काळापासून चालत आलेली. मच्छीमारच आपला माणूस निवडतात. कोणी कुठे जाळं टाकायचं, भांडण झालं तर काय, हे तो ठरवतो, आणि नियम मोडणाऱ्याला काही दिवस समुद्रात जायला मनाई करतो. शुक्रवारी समुद्रात जायचं नाही, हा तिथला पक्का नियम. जुम्म्याची नमाज होते आणि समुद्रालाही एक दिवस उसंत मिळते. २००४ च्या त्सुनामीनंतर होड्या आणि मदत वाटायच्या कामातही हीच माणसं पुढे होती.

आपल्याकडेही जुम्म्याला होडी न काढण्याची रीत अनेक मोहल्ल्यांत आहे. जमातीची बैठक आहे, मच्छीमारांच्या सहकारी संस्था आहेत. लग्नाच्या खर्चावर, हुंड्यावर, डीजेवर जमात ठराव करते. मग एलईडी लावणाऱ्या नौकेला बर्फ द्यायचं नाही, असा ठराव का होत नाही? कारण सरळ आहे. ज्यांच्याकडे मोठ्या नौका आहेत त्यांच्याकडेच वर्गणीच्या मोठ्या पावत्याही असतात. हे लिहिताना काही जण नाराज होतील याची कल्पना आहे. पण समुद्राची शिकार अल्लाहने सगळ्यांसाठी हलाल केली, कोणा एकाच्या नावावर केलेली नाही. आणि हलाल वस्तूतही इसराफ, म्हणजे उधळपट्टी, चालत नाही, हे आपल्याला मदरशात लहानपणीच शिकवलंय.

पुढचे महिने यासाठी महत्त्वाचे आहेत. केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, म्हणजे बारा ते दोनशे सागरी मैलांच्या पट्ट्यासाठी, नवे नियम काढले. यांत्रिक आणि मोठ्या नौकांना त्या पट्ट्यात मासेमारीसाठी ऑनलाइन पास घ्यावा लागेल. लहान पारंपरिक होड्यांना त्यातून सूट आहे. एलईडी आणि दोन नौकांनी मिळून ओढायचं ट्रॉलिंग तिथेही बंद. सहकारी संस्थांना खोल समुद्रातल्या मासेमारीसाठी प्राधान्य देऊ, असंही सरकार म्हणतंय. मिरकरवाड्याच्या किंवा साखरीनाट्याच्या संस्थेने हे नीट वाचलं तर किनाऱ्याजवळची गर्दी कमी करायची एक वाट यात आहे. कुपा, म्हणजे ट्युना, बाहेर आहे, पण त्यासाठी वेगळी जाळी, वेगळं शिक्षण, मोठा बर्फसाठा लागतो. ज्याच्याकडे आज पर्ससीन आहे त्याने तिकडे वळावं यासाठी जुन्या कर्जाची फेररचना मागायला हवी. राज्याने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला आहे, तेव्हा शेतकऱ्याला मिळणारी कर्जाची सवलत मच्छीमाराला का नको, हे विचारायला आता कागदही हातात आहे. मागणी 'आमच्या नौका चालू द्या' अशी न राहता 'आम्हाला या नौकांतून बाहेर पडायला मदत करा' अशी झाली, तर मालवणचा रापणकर आणि सातपाटीचा कोळीही सोबत उभा राहील. आज तो समोर उभा आहे.

बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायका या सगळ्या चर्चेत कुठेच नसतात. पर्ससीनची मासळी धक्क्यावरून थेट व्यापाऱ्याच्या गाडीत जाते, तिथून बर्फात घालून परजिल्ह्यात किंवा कारखान्यात. लहान होडीची मासळी मात्र तिच्या टोपलीत येते आणि तिच्यातून घरातल्या पोरांच्या शाळेची फी निघते. होडी रिकामी आली तर ती व्यापाऱ्याकडून चढ्या भावाने मासळी उचलते आणि संध्याकाळपर्यंत उन्हात बसून विकते. न विकलेला बांगडा सुकवायला घालते. जमातीच्या बैठकीत हा विषय निघालाच, तर तिलाही बोलवा. मासा किती लहान झालाय हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नाही, कारण एका वाट्यात पूर्वी किती बांगडे बसायचे आणि आता किती लावावे लागतात, हे ती रोज मोजते.